सेल्फ बांधण्यापासून स्टिअरिंग लॉकपर्यंत : आमची वाटचाल

जालन्यात आम्ही दुकान उघडलं ते ट्रॅक्टर आणि जीपचे सेल्फ (इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर), डायनामो बांधायला. आर्मेचर तपासायचं, कार्बन-बुश बदलायचे, सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट घासायचे. एक टेस्ट लॅम्प असला की दिवस निघायचा. आज शेडमध्ये जुन्या मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी जास्त असतात आणि तक्रार एकच : चालू होत नाही. ही आमची हुशारी नव्हे, गाड्यांचं वय. शेजारच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, ऑक्टोबर 2010 मध्ये लोकांनी मिळून एका दिवसात 150 मर्सिडीज घेतल्या होत्या. जालन्यातही स्टील आणि बियाण्यांच्या पैशातून अशा गाड्या आल्या. आता त्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे, तालुक्याच्या गावी पोचल्यात.

सुरुवात झाली ती पुण्यात 1995 पासून जोडल्या गेलेल्या डब्ल्यू-124 या मर्सिडीजने. त्या गाडीत कॉम्प्युटर नावापुरता, त्यामुळे आम्हाला परवडली. पेट्रोल गाडी अधूनमधून बंद पडते, एबीएसचा (ब्रेकचा) दिवा लागतो, मग ओव्हरव्होल्टेज रिले, म्हणजे जादा व्होल्टेजपासून वाचवणारी डबी, उघडायचा. त्याच्या डोक्यावर 10 अँपिअरचा फ्यूज असतो. तो शाबूत असेल तर आतल्या पिनांभोवतीचे डाग (सोल्डरचे जोड) भिंगाखाली बघायचे. गोल चीर दिसली की पुन्हा डाग द्यायचा. 1992 ते 95 च्या काही इंजिनांच्या वायरिंगचं आवरण मात्र उष्णतेने भुगा होतं. तिथे टेप गुंडाळणं म्हणजे पुढच्या मे महिन्याची तारीख देणं. आख्खी हार्नेसच, म्हणजे वायरींचा सगळा जुडगाच, नवी लागते.

पुढच्या पिढीच्या गाड्या आल्या आणि आम्ही स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेल्या चुका वाचणारं यंत्र, घेतला. घेतला तो चांगलाच, पण त्यावर अति विसंबलो. बॅटरी 10 व्होल्टवर आली की ही गाडी पंधरा-वीस चुका एकदम दाखवते आणि त्यातली एकही खरी नसते. म्हणून आता क्रम उलटा आहे : आधी मल्टीमीटर, मग स्कॅनर, आणि मोजल्याशिवाय कुठलाही पार्ट मागवायचा नाही.

गाडी रात्रभर उभी असेल तर बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवायला हवी; 12.2 म्हणजे निम्मी, 11.9 म्हणजे संपली. सेल्फ मारताना 9.6 च्या खाली जाऊ नये. बॅटरी ठीक असूनही सेल्फ जड फिरत असेल तर वाटेत व्होल्टेज कुठे सांडतंय ते शोधायचं. बीएमडब्ल्यू ई-60, ऑडी ए-6 सारख्या गाड्यांत बॅटरी डिकीत असते, म्हणजे केबल गाडीच्या लांबीएवढी. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही, खुद्द खांबावर), दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि दुसऱ्या माणसाने सेल्फ मारायचा. 0.2-0.3 व्होल्ट चालेल. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंगची पट्टी गंजलेली किंवा बोल्टखाली रंग आहे. हीच तपासणी पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा मोठा स्टड अशी करायची. या दोन मोजण्यांनी कितीतरी चांगले सेल्फ भंगारात जायचे वाचतात.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तेही फक्त गरम असताना; अर्धा तास थांबलं की सुरू. व्ही-6 पेट्रोल मर्सिडीजमध्ये हे लक्षण दिसलं की आम्ही आधी क्रँक सेन्सरकडे, म्हणजे इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणाऱ्या सेन्सरकडे, वळतो. सेल्फ फिरत असताना स्कॅनरवर आरपीएम बघायचा. 150 ते 250 दिसला तर सेन्सर जिवंत, सरळ शून्य असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर. गाडी थंड करून तपासलीत तर काहीच सापडणार नाही, म्हणून आम्ही गाडी उन्हात फिरवून आणतो. काम एका बोल्टचं.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. मर्सिडीजच्या डब्ल्यू-204 सी-क्लासमध्ये किल्ली घातली की स्टिअरिंग लॉक सुटल्याचा बारीक घर्र आवाज येतो. तो आला नाही आणि डॅशबोर्डही पेटला नाही, तर लॉकमधली छोटी मोटर झिजलेली असण्याचा संभव मोठा. कॉलमवर हलकेच ठोकलं की एखाद वेळ सुटतं. सुटलं की गाडी बंद न करता थेट गॅरेजला आणावी. लॉक उघड्या अवस्थेत असताना काम सोपं होतं, बंद अडकलं की ते कापावं लागतं. भंगारातलं लॉक तसंच बसवून चालत नाही, ते गाडीशी जुळवावं लागतं. इम्युलेटर (लॉक जागेवर असल्याचं गाडीला भासवणारी डबी) बसवला तर गाडी चालते, पण स्टिअरिंग कधीच लॉक होत नाही. हे मालकाला आधी सांगून मगच हात लावतो.

लग्नसराईपुरत्या बाहेर काढायच्या गाड्यांचं दुखणं वेगळं. झोपलेली गाडी 50 मिलिअँपिअर खाते असं धरलं तरी महिन्याला 36 अँपिअर-तास जातात, म्हणजे 80 अँपिअर-तासाच्या बॅटरीचा जवळजवळ अर्धा भाग. गळती शोधताना बोनेट-डिकीचं लॅच स्क्रू-ड्रायव्हरने बंद करून घ्यायचं, किल्ली लांब ठेवायची आणि तासभर थांबायचं. फ्यूज उपसू नयेत, मॉड्यूल (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) जागे होतात; फ्यूजच्या पाठीवरच्या दोन टोकांमध्ये मिलिव्होल्ट मोजावे.

बाकी आपल्या भागाच्या देणग्या आहेतच. कडुलिंबाखाली उभ्या गाडीत पाल्याने पाणी वाहून जायची भोकं बुजतात आणि पहिल्या मोठ्या पावसात फ्यूजपेटीत पाणी उतरतं. सोयाबीन निघालं की उंदीर शेतातून शेडमध्ये येतात आणि वायरी कुरतडतात. कॅनची, म्हणजे मॉड्यूल आपसात बोलतात त्या वायरींच्या जोडीतली, वायर तुटली तर डाग देऊन हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवायचं आणि दोन्ही वायरींना पूर्वीसारखा पीळ द्यायचा. बॅटरी काढून, थेट मॉड्यूलजवळ त्या जोडीत साधारण 60 ओहम यायला हवेत. 120 आले तर कुठेतरी एक टोक तुटलेलं आहे. डायग्नोस्टिक सॉकेटवर (जिथे स्कॅनर लावतात) मोजू नका, अनेक जुन्या गाड्यांत मध्ये गेटवे नावाचं वेगळं मॉड्यूल असतं.

नुसतं बघायचे पैसे कशाला, हा प्रश्न अजून येतो. सेल्फ बांधायच्या काळात आम्हीही बघायचे पैसे घेत नव्हतो. पण इथे दोन तास मोजल्यावर निघतं ते कधीकधी एक सैल नट, म्हणून तपासणीचा दर वेगळा ठेवलाय आणि आधीच सांगतो.

फोन केलात तर सेल्फ फिरतो का, डॅशबोर्ड पेटतो का आणि गाडी किती दिवस उभी होती, एवढं सांगा. ऑटोमॅटिकला धक्का मारू नका, गाडी फ्लॅटबेडवर (गाड्या वाहून नेणाऱ्या सपाट ट्रकवर) चढवा. जंप द्यायचाच तर दुसऱ्या कारचा किंवा ट्रॅक्टरचा, टर्मिनल दोनदा बघून. उसाच्या ट्रकचा कधीच नको, तो 24 व्होल्टचा असतो.