आधी टप बघा, मग सही करा

अमेरिकेतल्या युटा राज्यातली आमची आरव्हीची, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेल्या मोठ्या गाडीची, सहल छान झाली. फोटो सगळ्या नातेवाइकांनी पाहून झालेत, त्यात मी आणखी भर घालत नाही. मला लिहायचंय ते सॉल्ट लेक सिटीमधल्या त्या भाड्याच्या डेपोबद्दल. नाव घेत नाही, पण तिथली ती दुपार आठवली की अजूनही माझं डोकं फिरतं.

बुकिंगला काही त्रास नाही. पंचवीस फुटी, क्लास सी, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली गाडी. इथल्या साध्या लायसन्सवर चालवता येते. फक्त साइटवर दिसणाऱ्या भाड्यावर खूश होऊ नका. मैलांचे पैसे वेगळे, जनरेटर चालवलात तर तासाचे वेगळे, भांडी-पांघरुणांचेही वेगळे. आम्ही कुकर आणि चादरी घरूनच नेल्या.

गाडी घ्यायची वेळ दुपारी एकची दिली होती. आम्ही वेळेवर हजर. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, साफसफाई चालू आहे, होतच आलंय. बसायला दोनच खुर्च्या, त्या आई-बाबांना दिल्या. तासाभराने विचारलं, तरी ‘होतच आलंय’. मग मी मागच्या अंगणात जाऊन बघितलं तर आमची गाडीच आलेली नव्हती! आधीच्या गिऱ्हाइकाने उशीर केला होता. अहो, एवढं सरळ सांगायला काय हरकत होती? आम्ही तेवढ्यात किराणा तरी भरून आलो असतो. नवरा आणि मी दोघंही चालवणार होतो, आणि चालवणारे सगळे जण लायसन्स घेऊन समोर लागतात, म्हणून एकालाही हलता येईना. तुमच्याकडे गाडी न चालवणारं पण टॅक्सी करून दुकानात जाऊ शकेल असं कुणी असेल, तर त्यांना आधीच पिटाळा.

गाडी आली, पाणी मारून झालं, आणि मग त्या पोराला एकदम घाई सुटली. टॅबलेट पुढे केला: इथे सही, इथे सही, इथे आद्याक्षरं. गाडी समजावून सांगायचं काय, तर व्हिडिओ बघा. मी हट्टाने विम्याचं पान वाचत बसले. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की छपराला आणि गाडीच्या पोटाला लागलेला मार विम्यात धरलेला नाही, तो भाडेकरूच्या माथी. मी ते मराठीत वाचून दाखवलं मात्र, बाबा खुर्चीतून उठले. बाबांची हयात एसटीच्या आगारात मेकॅनिकीत गेली.

“टप बघितल्याशिवाय गाडी ताब्यात घ्यायची नसते. शिडी माग त्याच्याकडे.”

शिडी म्हटल्यावर पोरगा हसला. कुणीच मागत नाही, म्हणाला. मग म्हणाला, शिडी वर्कशॉपमध्ये आहे. मग, ग्राहकांना वर चढू देत नाही. मी विचारलं, छपराची भरपाई कुणी द्यायची? ग्राहकाने. मग छप्पर बघायचं कुणी? यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आमच्यामागे रांगेत एक जर्मन जोडपं होतं, तेही मान वर करून टपाकडे बघायला लागलं. शेवटी मॅनेजरबाई बाहेर आल्या आणि शिडी आली.

बाबांना मी चढू दिलं नाही, नवरा चढला, बाबा खालून सूचना देत राहिले. बाथरूमवरच्या पंख्याचं प्लास्टिकचं झाकण एका कोपऱ्यात तडकलेलं निघालं. मागच्या कडेला फांदी घासल्यासारखा लांब ओरखडा. तपासणीच्या कागदावर गाडीच्या चारही बाजूंची चित्रं होती, टपाचं नव्हतंच! बाबांनी समासात लिहून घ्यायला लावलं, तारीख टाकून, त्या पोराच्या सहीसकट. नवऱ्याने वरूनच व्हिडिओ काढला. या सगळ्यात ऐन संध्याकाळची गर्दी गाठली आणि जन्मात पहिल्यांदा एवढं धूड आय-15 महामार्गावर घालावं लागलं. म्हणून पहिला मुक्काम जवळचाच ठेवा.

पुढचं थोडक्यात. नॅशनल पार्कातल्या बऱ्याच कॅम्पग्राउंडची बुकिंग सहा महिने आधी उघडते आणि हा हा म्हणता संपते. झायन नॅशनल पार्कात ब्राइस पार्काकडे जाणाऱ्या रस्त्यावर 1930 चा बोगदा आहे, आमची उंच गाडी त्यात एका बाजूने मावेना, म्हणून 15 डॉलर घेऊन समोरची वाहतूक थांबवून मधून सोडलं. आता मात्र 2026 च्या जूनपासून मोठ्या गाड्यांना त्या रस्त्यावर बंदी असल्याचं पार्कने जाहीर केलंय, तेव्हा ब्राइसला जायचा दुसरा रस्ता आधीच बघून ठेवा. ब्राइसहून आम्ही मोआब गावाला आय-70 महामार्गाने गेलो. वाटेत सलायना ते ग्रीन रिव्हर या दोन गावांमध्ये सुमारे 110 मैल, मध्ये पंप नाही, दुकान नाही, नुसते लाल-पिवळे डोंगर आणि आडवा वारा. सलायनालाच टाकी भरा. मॉन्युमेंट व्हॅली तिथल्या नवाहो या मूळ रहिवासी लोकांची आहे, तिथे नॅशनल पार्कचा पास चालत नाही, आणि आतल्या 17 मैलांच्या कच्च्या रस्त्यावर आरव्ही सोडत नाहीत.

फोडणी करताना खिडकी उघडा आणि पंखा लावा. आईच्या पहिल्याच आमटीला धुराचा अलार्म असा कोकलला की शेजारचा माणूस धावत आला. टाक्या रिकाम्या करताना संडासाची आधी, सांडपाण्याची नंतर, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. हातमोजे जाडच घ्या.

परतीच्या दिवशी काउंटरवर दुसराच माणूस. तो मात्र स्वतःहून शिडी घेऊन आला! वर चढला, खाली उतरला, झाकणाचे पैसे पडतील म्हणाला. मी समासातली ओळ दाखवली. त्याने सही ओळखली, मान हलवली आणि डिपॉझिट पूर्ण सोडलं. बाबा गाडीच्या सावलीत उभे होते, त्यांनी विचारलंसुद्धा नाही काय झालं म्हणून.

हां, पेट्रोलचं राहिलंच. युटात ‘रेग्युलर’ म्हणून 85 ऑक्टेनचं मिळतं (ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची प्रत सांगणारा आकडा). आमच्या गाडीच्या पुस्तकात कमीत कमी 87 लिहिलं होतं. पंपावर घाईत पहिलं बटण दाबू नका.