तुम्ही विचारलंत म्हणून: बंद पडलेली लीग परत कशाला सुरू करायची?

संध्याकाळी मुलांना न्यायला कोर्टावर येणारे पालक मला हमखास एक प्रश्न विचारतात. "सर, आपल्याकडे बास्केटबॉलची लीग सुरू होते, बंद पडते, परत नव्या नावानं सुरू होते. कायले करतात हे? यात पैसा आहे का, पाहायला कोणी येतं का?" सराव संपवून, बॉल मोजून पिशवीत भरता भरता याचं उत्तर धड देता येत नाही. म्हणून आज सविस्तर लिहितो.

परत सुरू करावी, शंभर वेळा करावी, असं माझं ठाम मत आहे. फक्त ज्या संघाला स्वतःचं गाव आणि स्वतःचं कोर्ट नाही, तो बंद पडला की त्याच्यासाठी कोणी धावून येत नाही. अमेरिकेतल्या एका धाकट्या लीगचा इतिहास वाचून माझं हे मत पक्कं झालं.

ती लीग म्हणजे सीबीए, कॉन्टिनेन्टल बास्केटबॉल असोसिएशन. ती सुरू झाली 23 एप्रिल 1946 ला, पेनसिल्व्हेनियात. ज्या संस्थेतून पुढे एनबीए ही अमेरिकेतली सर्वांत मोठी बास्केटबॉल लीग झाली तिची स्थापना त्याच वर्षी 6 जूनची, म्हणजे धाकटी म्हणवली जाणारी ही लीग वयानं थोरली आहे. विल्क्स-बॅरी, हेझलटन ही तिची सुरुवातीची गावं कोळशाच्या पट्ट्यातली. आमच्या नागपूरजवळच्या उमरेड किंवा सावनेरच्या कोळसा खाणींकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पाळी संपवून घरी आलेल्या माणसाला संध्याकाळी आपल्या गावाचं नाव छातीवर लावून खेळणारी पोरं पाहायला मिळत होती, ही केवढी मोठी गोष्ट आहे! सीबीए हे नाव 1978 मध्ये आलं.

या लीगनं काय दिलं? फिल जॅक्सन पुढे प्रशिक्षक म्हणून एनबीएची 11 विजेतेपदं जिंकले, पण त्याआधी 1984 मध्ये त्यांनी ऑल्बनी पॅट्रून्सला सीबीएचं विजेतेपद मिळवून दिलं होतं. जॉन स्टार्क्सला एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, कोणी घेतलं नव्हतं. तो सीबीएत सीडर रॅपिड्सकडून खेळला, तिथून न्यूयॉर्क निक्समध्ये गेला आणि 1994 मध्ये ऑल-स्टार झाला, म्हणजे एनबीएतल्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंच्या सामन्यात खेळला. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी अजून पुरता तयार न झालेला खेळाडू कुठे थांबणार, कुठे खेळत राहणार? धाकटी लीग ही त्याची जागा असते.

मला सर्वांत जास्त आवडतो तो त्यांचा गुणांचा नियम. प्रत्येक सामन्यात गुणतक्त्यासाठी एकूण सात गुण. सामना जिंकला तर तीन, आणि सामन्याच्या चार भागांपैकी, म्हणजे क्वार्टरपैकी, प्रत्येक जिंकल्याचा एक. क्वार्टर बरोबरीत सुटला तर अर्धा-अर्धा. म्हणजे सामना हरलेला संघही तीन क्वार्टर जिंकून तीन गुण घेऊन घरी जाऊ शकतो. पंचवीसनं मागे पडलात तरी चौथ्या क्वार्टरचा एक गुण समोर दिसत असतो, त्यामुळे कोणी पाय ओढत खेळत नाही, आणि तिकीट काढून आलेला माणूस मधूनच उठून जात नाही. आमच्या सरावाच्या सामन्यांत मी हीच पद्धत लावतो. सामना हातचा गेला म्हणून खांदे पाडणारी मुलं शेवटच्या क्वार्टरला ओरडून ओरडून डिफेन्स करतात. बेंचवरच्या मुलांना उतरवायचं ते उपकार म्हणून राहत नाही, कारण त्यांच्या क्वार्टरचाही गुण तक्त्यात चढतो. ज्या प्रशिक्षकांनी हे करून पाहिलं नसेल त्यांनी एकदा जरूर करून पाहावं.

आता ही लीग मेली कशी ते पाहा. तोवर संघ वेगवेगळ्या मालकांचे होते, त्या त्या गावात रुजलेले. 1999 मध्ये एनबीएचे माजी खेळाडू आयझेया थॉमस यांनी जवळपास एक कोटी डॉलरला आख्खी लीगच विकत घेतली आणि सगळे संघ एका मालकीखाली आले. 2000 मध्ये ते एनबीएतल्या इंडियाना पेसर्सचे प्रशिक्षक झाले. एनबीएचा प्रशिक्षक दुसऱ्या लीगचा मालक राहू शकत नव्हता, म्हणून लीग विश्वस्तांकडे गेली. फेब्रुवारी 2001 मध्ये, हंगाम अर्धा झालेला असताना, लीग बंद पडली.

त्याच वर्षी ती पुन्हा उभी राहिली. गावागावातल्या लोकांनी आपापले संघ परत घेतले, इंटरनॅशनल बास्केटबॉल असोसिएशन या दुसऱ्या छोट्या लीगमधले संघ येऊन मिळाले, आणि नव्या सीबीएचं पहिलं विजेतेपद डकोटा विझर्ड्सनं जिंकलं. त्यांचे तरुण प्रशिक्षक डेव्ह जोर्गर 2013 मध्ये एनबीएत मेम्फिस ग्रिझलीजचे मुख्य प्रशिक्षक झाले. हा दुसरा जन्म 2009 पर्यंत टिकला. तुम्ही म्हणाल, शेवटी बंदच पडली ना? लीग पडली, पण सू फॉल्स स्कायफोर्स हा संघ बघा. 1989 मध्ये सीबीएत आला, लीग मध्येच बंद पडली तेव्हाही टिकला, 2006 मध्ये डी-लीगमध्ये, म्हणजे एनबीएच्याच धाकट्या लीगमध्ये गेला, आणि आजही त्याच गावात, त्याच नावानं खेळतो. सू फॉल्सची लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास, अमरावतीच्या निम्मीसुद्धा नाही. संघ त्या गावाचा होता म्हणून लीग बदलली तरी तो राहिला.

आपल्याकडे यूबीए ही बास्केटबॉल लीग 2015 ते 2017 चालली आणि थांबली. तेवढ्यातही तिनं काम केलं. तिच्यात खेळलेल्या पालप्रीत सिंग ब्रारला 2016 च्या डी-लीग ड्राफ्टमध्ये लाँग आयलंड नेट्सनं निवडलं. मग बास्केटबॉल महासंघानं आयएनबीएल, म्हणजे इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग, आणली. 2022-23 च्या तिच्या पहिल्या हंगामात सहा संघ होते, चेन्नई हीट जिंकले, फेऱ्या एकेका शहरात भरवल्या होत्या. 2025 मध्ये ती 25 वर्षांखालच्या खेळाडूंसाठी झाली, हे मला मनापासून पटलं, कारण नेमक्या त्याच वयात आपली मुलं रेल्वे किंवा ओएनजीसीची नोकरी मिळाली तर खेळतात, नाही तर खेळ सोडतात. पण सगळे सामने झाले दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये. गुजरातचा, पंजाबचा, मुंबईचा, तामिळनाडूचा संघ, आणि खेळ दिल्लीत! खर्च वाचतो हे मला कळतं. पण मुंबईच्या पोराला मुंबईचा संघ टीव्हीवरच बघावा लागला, तर संघ बंद पडल्यावर तो परत सुरू करा म्हणायला कोण येणार?

महाराष्ट्राच्या वाट्याला आजवर या लीगांमध्ये मुंबई आली, पुणे आलं. नागपूर आलं नाही. ज्या शहरात शिवाजी नगर जिमखान्याच्या आणि धरमपेठ क्रीडा मंडळाच्या कोर्टवर संध्याकाळी दिवे लागले की तीन पिढ्यांची माणसं दिसतात, कोणी खेळायला, कोणी शिट्टी घेऊन, कोणी स्कोअरशीट धरून टेबलवर, त्या शहराला संघ नाही, याचं मला फार वाईट वाटतं. खासदार क्रीडा महोत्सवात बास्केटबॉलचे सामने लागतात तेव्हा कडेनं उभी राहणारी माणसं लीगच्या लोकांनी येऊन बघावीत. ज्याला रेफ्रीनं दिलेला फाउल पटत नाही तो बाहेरून नियम सांगतो. असा प्रेक्षक जाहिराती करून मिळत नाही.

तेव्हा, पुढची लीग कोणीही आणो, माझी मागणी छोटी आहे. निम्मे सामने आपापल्या गावात ठेवा. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 वर जातो, म्हणून सामने नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात बंदिस्त हॉल आहे. तिकीट एका प्लेट तर्री पोह्याच्या भावात ठेवा, म्हणजे शाळेतली मुलं स्वतःच्या खिशातून काढतील. रेफ्री आणि टेबलवरची माणसं इथलीच घ्या, त्यांना रीतसर मानधन द्या. आणि गुण सातच ठेवा.