आमची वाटचाल : ट्रकच्या कमानी ते पीथमपूरचा ट्रॅक

बाबा इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलमध्ये फिटर होते. १९९१ च्या डिसेंबरात मिल बंद पडली आणि मिल भागात ज्याला जे सुचलं ते त्याने धरलं. बाबांनी ट्रकच्या कमानी, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगा, धरल्या. इंदूर हे आग्रा-मुंबई रस्त्यावरचं गाव, त्यामुळे ट्रकांना तोटा नव्हता. तुटलेला पाटा काढायचा, नवा चढवायचा, सेंटर बोल्ट, यू-बोल्ट, ग्रीस, पुढचा ट्रक. मिलच्या थकलेल्या पैशांची वाट पाहणं हा त्या काळी आमच्याकडच्या प्रत्येक घराचा जोडधंदाच होता. हुकुमचंदच्या कामगारांना ते पैसे मिळायला २०२३ उजाडलं. तोवर आमचं दुकान जागा बदलत सांवेर रोडला आलं होतं.

मी इंदूरच्याच एसजीएसआयटीएस कॉलेजमधून मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं आणि नोकरी न शोधता दुकानात बसले. आईला ते मुळीच पटलं नव्हतं. पुढे दुकानाचे हिशेब तिनेच ताब्यात घेतले आणि तो वाद मिटला. मी आले तेव्हा शॉकअप, म्हणजे स्प्रिंगचं डोलणं आवरणारा तेलाचा नळा, गळाला की सरळ नवा टाकायची पद्धत होती. आम्ही तो उघडायला लागलो. दांडा, सील, तेल, तेलाची वाट कमी-जास्त अडवणाऱ्या आतल्या शिमच्या पातळ चकत्या, नायट्रोजन. महागड्या गाडीचा शॉकअप उघडून नीट बांधून दिला तर ग्राहकाचे निम्म्याहून जास्त पैसे वाचतात, आणि आमचेही घर चालते.

खरी ओळख झाली ती इंदूरजवळच्या पीथमपूरला होणाऱ्या ‘बाहा’ स्पर्धेमुळे. देशभरातली इंजिनिअरिंगची पोरं स्वतः बांधलेल्या गाड्या घेऊन त्या स्पर्धेला येतात आणि आदल्या रात्री काहीतरी मोडून घेतात. रात्री शटर उघडं ठेवणारं दुकान म्हणून आमचं नाव त्यांच्यात पसरलं. पैसे फारसे मिळाले नाहीत. पण ती पोरं पुढे मोठमोठ्या कंपन्यांत लागली, आणि कोणाचं कोणाशी बोलणं झालं की आमचा फोन वाजायचा.

मग २९ जून २०२१ ला पीथमपूरलाच नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राच्या वेगाच्या ट्रॅकचं उद्घाटन झालं. ११.३ किलोमीटर लांब, १६ मीटर रुंद, आशियातला सर्वांत लांब. वळणं अशी कललेली आहेत की ताशी २५० ला स्टिअरिंगवर जोर न देता गाडी फिरते, वळणावर ३७५ पर्यंत जाता येतं आणि सरळ भागावर वेगाला मर्यादाच नाही. पिनिनफारिनाची बतिस्ता ही विजेवर चालणारी गाडी तिथे ३५८ पर्यंत गेली. आमच्या दुकानापासून हे सगळं तासाभराच्या अंतरावर. ट्रॅक भाड्याने मिळतो म्हटल्यावर ज्यांच्या घरी वेगवान गाडी होती त्यांना ती खरंच किती पळते हे बघायची हुक्की आली.

आमच्याकडे आलेल्या अशा पहिल्या गृहस्थांची तक्रार अगदी साधी होती. जर्मन सेडान, इंजिन जोरदार, दुकानात शोधून सापडेल असा दोष नाही, पण २५० च्या पुढे स्टिअरिंग हलकं पडतं. त्यांना वाटत होतं अलाइनमेंट गेलंय. अलाइनमेंट चोख होतं.

हवा गाडीला नुसती मागे ढकलत नाही, वरही उचलते, आणि ही उचल वेगाच्या वर्गाने वाढते. समजा शंभरच्या वेगाला पुढच्या दोन चाकांवरचं वजन १५ किलोने कमी होतं. दोनशेला ते ६० किलोने कमी होईल आणि तीनशेला १३५ किलोने. पुढच्या दोन्ही बाजूंचा मिळून चाकापाशी मोजलेला ताठपणा मिलिमीटरला ६ किलो असेल, तर तीनशेला गाडीचं नाक साडेबावीस मिलिमीटर वर गेलेलं असतं. नाक वर गेलं की पोटाखाली आणखी हवा शिरते, उचल आणखी वाढते. ड्रायव्हरला यातलं काही दिसत नाही. त्याच्या हाताला फक्त स्टिअरिंग हलकं लागतं.

चाकापाशी मोजलेला ताठपणा असं मुद्दाम म्हटलं, कारण स्प्रिंगवर छापलेला आकडा वेगळा असतो. चाक १० मिलिमीटर हललं आणि स्प्रिंग ७ च हलली, तर ०.७ चा वर्ग म्हणजे जवळजवळ निम्मा ताठपणाच चाकापर्यंत पोचतो. बाजारात गाडी खाली बसवायच्या ज्या स्प्रिंगा मिळतात त्यांच्या डब्यावर हे कुणी लिहीत नाही. त्या स्प्रिंगा फोटोसाठी चांगल्या आहेत.

मग ताठ स्प्रिंग घातली की झालं? नाही. ताठपणा दुप्पट केला तर नाक अकरा-सव्वाअकरा मिलिमीटर चढेल, हे खरं. पण तीनशेला गाडी सेकंदाला ८३ मीटर जाते. त्या वेगाला डांबरावरची जरा उंचसखल जागाही चाकाला फेकते आणि चाक जमीन सोडतं. शॉकअप कडक करूनही भागत नाही. शॉकअप हालचालीला विरोध करतो, जागेला नाही. उचल टिकून राहिली की तो सावकाश का होईना, उघडतोच. म्हणून आम्ही थोडं थोडं सगळ्यांकडून घेतो. स्प्रिंग बेताची ताठ, नाक मागच्या भागापेक्षा मुळातच थोडं खाली, पोटाखाली सपाट पत्रा, आणि शॉकअपच्या आत एक कडी, म्हणजे तो ठरावीक मापापलीकडे उघडतच नाही. या कडीची लांबी ठरवण्यात आमचा सर्वांत जास्त वेळ जातो.

मोजायचं कसं हाही प्रश्नच होता. दांड्याला झिपटाय बांधून शॉकअप किती दबला ते फुकटात कळतं. किती उघडला ते तिला कळत नाही, आणि आम्हाला नेमकं तेच हवं होतं. चारही चाकांना सेन्सर आणि त्यांचे आकडे नोंदवणारे लॉगर घेतले. आईने त्या बिलावर बराच काळ सही केली नाही.

पीथमपूरची एक खास गोष्ट आहे. कललेल्या वळणावर वेगात गाडीचं वजन वाढल्यासारखं होतं, चारही कोपरे दबतात. वळण संपून सरळ भाग लागला की दाबलेली स्प्रिंग सुटते आणि नाक वर येतं. म्हणजे वेग सर्वांत जास्त मिळवायचा नेमक्या त्याच ठिकाणी. तिथे शॉकअपचा उघडतानाचा विरोध कमी पडला तर गाडी डोलते. जास्त झाला तर पुढचं चाक रस्त्यापाशी वेळेवर पोचत नाही. लॉगरचा आलेख बघत शिमची एखादी चकती बदलायची, पुन्हा गाडी सोडायची. बाकी जगात वेगाचे विक्रम बहुतेक सरळ रेषेत होतात, त्यामुळे तिकडची मापं इथे जशीच्या तशी चालत नाहीत.

अमेरिकेतल्या बोनव्हिलच्या मिठागरावर १९४९ पासून स्पीड वीक हा वेगाच्या विक्रमांचा मेळा होतो. तिथे अडचण उलटी, मिठावर पकडच कमी. ताकद असून चाकं जागच्या जागी फिरतात, म्हणून लोक मुद्दाम शिशाचं वजन भरतात. कित्येक गाड्यांना मागे स्प्रिंगच नसते. मीठ बिघडलं किंवा पाणी साचलं की सगळं रद्द. २०१४, २०१५ आणि २०२२ ला तसंच झालं. आमच्या दुकानात कोणीतरी हमखास म्हणतं, ‘भिया, कच्छचं रण आपलंच आहे ना!’ आहे. पण पावसाळ्यात ते पाण्याखाली जातं, वरचा थर सुकला तरी खाली चिखल राहतो. शिवाय सीमा आणि अभयारण्य. त्यापेक्षा पीथमपूर बरं.

त्या दुनियेतली मला सर्वांत आवडणारी गाडी म्हणजे थ्रस्ट एसएससी. १५ ऑक्टोबर १९९७ ला नेवाडात अँडी ग्रीनने ती ताशी १२२७.९८५ किलोमीटरवर नेली, तासाभराच्या आत दोन्ही दिशांना पळवून. तिचं नाक वरखाली होऊ नये म्हणून मागच्या सस्पेन्शनवर संगणक बसवला होता. दोन जेट इंजिनं असलेल्या गाडीची आणि आमच्या सेडानवाल्या गृहस्थांची काळजी एकच, हे वाचून बाबा खूश झाले होते.

वजनाचं काम बाबाच बघतात. चार चाकांखाली चार काटे, मालक सीटवर, टाकीत ठरलेलं पेट्रोल. तिरक्या जोड्यांची वजनं, म्हणजे पुढचं डावं अधिक मागचं उजवं आणि पुढचं उजवं अधिक मागचं डावं, सारखी आली पाहिजेत. त्यासाठी आधी फरशी सपाट लागते. बाबांनी ती गवंड्याच्या पाण्याच्या नळीने तपासून पुन्हा बसवून घेतली. मालक हजर नसेल तर छावणीच्या मंडीतून आणलेलं सोयाबीन सीटवर रचतो. मग टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते, आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं तो मागे किती कललाय ते. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत कॅस्टर ३ ते ७ अंश असतो. आम्ही तो जागा मिळेल तितका वाढवतो, गाडी सरळ राहायला त्याची मदत होते. शेवटी स्प्रिंग काढून चाक पाच-पाच मिलिमीटर वर-खाली करत डायल गेजवर टो बघायचा. नाक चढताना चाकं आपोआप बाहेर वळत असतील तर वरची सगळी मेहनत वाया.

टायरच्या बाबतीत आमचं भांडण ठरलेलं. टायरवरचा वाय मार्क म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंत, तेही टायर नवा आणि हवा बरोबर असताना. बाजूवरच्या चार आकड्यांवरून आठवडा आणि वर्ष कळतं. जुना दिसला की आम्ही गाडी परत पाठवतो. काही ग्राहक यामुळे कायमचे गेले. जाऊ देत.

या कामावर दुकान चालत नाही, हे स्पष्ट सांगते. भाडं आणि पगार निघतात ते स्कूलबस, रुग्णवाहिका आणि टॅक्सींवर. पण काटे, सेन्सर आणि सपाट फरशी आता त्यांनाही मिळते. एका बाजूला ओढणाऱ्या रुग्णवाहिकेचा दोष हल्ली आम्हाला अंदाजाने शोधावा लागत नाही.

गाडी आणायची असेल तर टाकी पाव भरलेली असू द्या, डिकी रिकामी करा, टायरचे आकडे फोनवर आधी कळवा. आणि मालकांनी स्वतः यावं. ड्रायव्हरला पाठवलंत तर बाबा त्याच्या वजनावर गाडी बसवून देतील, मग ट्रॅकवरही त्यालाच बसवावं लागेल.