भग्नहृदयी लोकांच्या सन्निध

आज जुने गोवे येथे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नोव्हेनाच्या (सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या) मिस्सेला, म्हणजे चर्चमधील सामूहिक उपासनेला, गेले होते. धाकटा भाऊ गेल्यापासून माझी प्रार्थना जवळजवळ थांबली होती; जपमाळेचे मणी बोटांखालून सरकत, पण ओठांवर शब्द येत नसत, आणि देव आहे की नाही यापेक्षा त्याला आपल्याबद्दल काही वाटते का, हाच प्रश्न मन पोखरत असे.

मिस्सेनंतर प्रायश्चित्त संस्कारासाठी, म्हणजे पापांची कबुली देण्यासाठी, एका वयस्क फादरांसमोर बसले. माझी कोकणी तोडकीमोडकी, म्हणून मराठीतच बोलले. त्यांनी मध्ये एकदाही न थांबवता सारे ऐकून घेतले, मग बायबलमधील 34 व्या स्तोत्रातील 18 वे वचन वाचले: परमेश्वर भग्नहृदयी लोकांच्या सन्निध असतो. मरण पावलेल्या लाजर या मित्राला आपण पुन्हा जिवंत उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरीकडे जाताना रडला, याची आठवण देऊन ते म्हणाले की शोक म्हणजे अविश्वास नव्हे. हे ऐकताना इतक्या महिन्यांत प्रथमच मी मोकळेपणाने रडले, आणि त्या रडण्यात मला देवाचा दुरावा नव्हे, तर सोबत जाणवली.

डॉक्टरांचे उपचार व समुपदेशन चालूच ठेवा, असेही त्यांनी आवर्जून बजावले. हे मला फार मोलाचे वाटते, कारण श्रद्धेच्या नावाखाली औषधे सोडायला लावणारे सल्ले मी पुष्कळ ऐकले आहेत. नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना आहे. तो सरण्यापूर्वी भावासाठी आमच्या चर्चमध्ये मिस्सा अर्पण करणार आहे.