तुम्ही विचारलंत म्हणून: सात जणांतला एक शोधताना

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बॉम्बफेकी विमानातून गेलेल्या आणि परत न आलेल्या एखाद्या तरुणाचा शोध जुन्या दप्तरांतून घ्यायचा असेल, तर सुरुवात कुठून करावी, असे मला वारंवार विचारले जाते. माझे उत्तर ऐकून विचारणारा थोडा थबकतो, कारण मी म्हणतो, आधी त्याच्या सोबत्यांना शोधा.

लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानात साधारणपणे सात जण असत आणि एकाचे नशीब बहुधा सातांचेही असे. ब्रिटिश हवाई दलातल्या माणसाची सेवा-फाइल हाती आली, तरी बदल्या-बढत्यांच्या तारखांपलीकडे तीत अनेकदा फारसे काही सापडत नाही. लंडनमध्ये क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात स्क्वाड्रनांच्या, म्हणजे हवाई दलाच्या तुकड्यांच्या, नोंदवह्या मात्र खुल्या आहेत. त्यांतल्या फॉर्म ५४१ वर त्या रात्रीचे विमान, त्यातल्या सर्वांची नावे आणि उड्डाणाची वेळ मिळते. विमान परतले नसेल, तर पुढचा मजकूर एकदोन ओळींत आटोपतो. त्या एकदोन ओळींपाशी मी दर वेळी थांबतो.

१६ मे १९४३ च्या रात्री जर्मन धरणांवर गेलेल्या ६१७ स्क्वाड्रनचेच उदाहरण घ्या. १९ विमानांतून १३३ जण गेले, त्यांपैकी ५३ मारले गेले. त्यांतल्या बार्लो या वैमानिकाचे विमान जर्मनीतल्या हाल्डर्नजवळ उच्च दाबाच्या वीजवाहिनीला धडकून कोसळले आणि सातही जण गेले. शेपटीकडचा गनर, म्हणजे मशीनगन चालवणारा, जॅक लिडेल इंग्लंडचा, म्हणजे ब्रिटिश हवाई दलातला होता आणि अवघा १८ वर्षांचा होता. परंतु याच विमानात बार्लो आणि वायरलेस ऑपरेटर विल्यम्स हे ऑस्ट्रेलियन होते आणि गनर ग्लिंझ हा कॅनडाचा होता. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात तिथल्या हवाई दलाच्या मृतांच्या स्वतंत्र फाइली आहेत. अशा फाइलींत अपघाताचा अहवाल, घरच्यांशी झालेला पत्रव्यवहार आणि युद्धानंतर बेपत्ता विमानवीरांचा माग काढणाऱ्या पथकांची टिपणे एकत्र लावलेली असतात, आणि ती टिपणे एकट्या ऑस्ट्रेलियन माणसापुरती नसून बहुधा संपूर्ण विमानाविषयी असतात. म्हणून लिडेलविषयी कोणी विचारले, तर मी विल्यम्सची फाइल आधी उघडेन.

त्या पथकांचे काम वाचताना मन जड होते. कबरी उघडून, ओळखपट्टी नसली तर गणवेशाचे कापड किंवा कपड्यांवरच्या धोब्याच्या खुणा पाहून मृत कोण, कुठला हे पथकातली माणसे ठरवत. बार्लो यांच्या विमानातल्या सातांना आधी ड्युसेलडोर्फमध्ये पुरले होते. युद्धानंतर त्यांना क्लेव्हजवळच्या राइशवाल्ड युद्धस्मशानात हलवण्यात आले. दप्तरात दोन ठिकाणे दिसली, की नवखा वाचक एक नोंद चुकीची समजतो. प्रत्यक्षात दोन्ही खऱ्या असू शकतात.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. फॉर्म ५४१ घाईत टंकलेला असतो. आडनावातले अक्षर चुकते, आद्याक्षरे बदलतात. एकदा अशाच एका आद्याक्षरावर विसंबून मी कित्येक आठवडे भलत्याच माणसाच्या मागे होतो आणि त्याच्या घरच्यांना पत्र पाठवण्याच्या बेतात असताना सेवाक्रमांक जुळत नसल्याचे लक्षात आले. तेव्हापासून राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदीतला क्रमांक जुळल्याशिवाय मी कोणाच्याही नातेवाइकांना काही कळवत नाही.