आमची वाटचाल: मंडळांच्या सेटपासून जुन्या स्टीरिओ अॅम्प्लिफायरपर्यंत

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला आमचा गाळा सुरू झाला तो निव्वळ रिपेअरिंगसाठी. गणपती-नवरात्राच्या तोंडावर मंडळांचे अहुजाचे सेट, एरवी घरगुती टेपडेक, पुढे पाच स्पीकरवाली होम थिएटर. आज निम्म्याहून जास्त काम जुन्या स्टीरिओ अॅम्प्लिफायरचं आहे: विकत घ्यायचा, उघडून नीट करायचा, रीडिंग घेऊन विकायचा. त्याचं कारण साधं आहे. लोक जाहिरात बघून बारा-पंधरा हजारांना सेट उचलत आणि मग तपासायला आमच्याकडे आणत. त्या वेळी सांगण्यासारखं फारसं काही उरलेलं नसे. तपासणी खरेदीच्या आधी व्हायला हवी, म्हणून खरेदीत आम्हीच उतरलो.

सुरुवातीच्या कामाने एक गोष्ट पक्की शिकवली, ती म्हणजे वॉटच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. नव्वदच्या दशकातल्या म्युझिक सिस्टीमच्या खोक्यावर हजार-हजार वॉट पीएमपीओ (क्षणभराच्या उच्चांकाचा, जाहिरातीपुरता आकडा) छापलेले असत आणि आत सान्योचा वीस-पंचवीस वॉटचा एक एसटीके आयसी, म्हणजे एकाच तुकड्यातला तयार अॅम्प्लिफायर, बसलेला असे. आता पीएमपीओ गेलं, पण आकडे फुगवणं गेलं नाही. आम्ही आधी मागच्या पट्टीवरचा वीजवापर वाचतो. साध्या क्लास एबी (जुन्या स्टीरिओत सर्रास असलेल्या रचनेच्या) अॅम्प्लिफायरमध्ये भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी साधारण निम्मी स्पीकरपर्यंत पोहोचते, बाकीची उष्णता होऊन हीटसिंकवर, म्हणजे ट्रान्झिस्टर थंड ठेवणाऱ्या धातूच्या तुकड्यावर, जाते. पट्टीवर ७० वॉट असतील तर ‘दोन्ही बाजूंना शंभर-शंभर’ हे बोलणं सोडून द्यावं. दुसरा अंदाज वजनाचा. तीस-चाळीस वॉटच्या खऱ्या सेटमध्ये ट्रान्सफॉर्मरच इतका असतो की सगळं मिळून सहा-सात किलो भरतं.

मुळात लागतात किती वॉट? ठाण्यातला हॉल दहा बाय पंधरा फुटांचा धरू. बाजारातले बरे बुकशेल्फ स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतरावर ८६-८७ डेसिबल आवाज देतात. वीस वॉटला त्यात १३ डेसिबलची भर पडते, म्हणजे शंभरच्या घरात. एवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका खाली येतात. वीसचे चाळीस वॉट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात आणि त्यासाठी पैसे मात्र दुप्पट मागितले जातात. नॅड ३०२० हा १९७८चा अॅम्प कागदावर २० वॉटचाच होता आणि जगभर खपला. तेव्हा हाती पैसे कमी असतील तर २५ ते ४० वॉटचा, स्वच्छ अवस्थेतला, कमी बटणांचा इंटिग्रेटेड (सगळं एकाच डब्यात असलेला) अॅम्प शोधावा. मोठं नाव, मोठे वॉट आणि कमी किंमत हे तिन्ही एकत्र दिसलं की आत काहीतरी जळलेलं असतं, असं आम्ही धरूनच चालतो.

माल कुठून येतो, तर बराचसा नौपाड्यातून. जुन्या इमारती पुनर्विकासाला जातात, घरं रिकामी होतात आणि माळ्यावरचा सेट खाली येतो. सोनोडाइन, कॉस्मिक, नॉर्ज असतात. आखातातून आणलेले जपानी सेटही असतात. हे आखाती सेट बहुधा २२०-२४० व्होल्टचे किंवा मागे व्होल्टेज सिलेक्टर असलेले. सिलेक्टरवर २२० आणि २४० असे दोन्ही पर्याय असले तर २४०वरच ठेवावा. पण माल जपानच्या घरगुती बाजारातून आलेला असेल तर तो १०० व्होल्टचा असतो आणि अमेरिकेचा असेल तर १२०चा. ही पट्टी न वाचता पिन लावली की ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी (लाइनकडचं वेटोळं) जळतं, आणि तो ट्रान्सफॉर्मर परत बांधून घेणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

यात एक बारीक मेख आहे. दुकानात सहज मिळणारा स्टेप-डाऊन (व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) ११० व्होल्टचा असतो. १०० व्होल्टच्या सेटला तो चालतो असं सर्रास सांगतात. हिशोब करून बघा. घरातली लाइन २४५ वर गेली की ११०चे होतात ११७. सेटमधली डीसी सप्लाय मूळ ४२ व्होल्टची असेल तर ती ४९ला पोहोचते आणि ती सपाट करणारा फिल्टर कपॅसिटर असतो जेमतेम ५० व्होल्ट सोसणारा. सेट त्या दिवशी जळत नाही, म्हणून कुणी ट्रान्सफॉर्मरला दोष देत नाही; काही महिन्यांनी कपॅसिटर फुगतो. जपानी सेट घ्यायचाच असेल तर १०० व्होल्टचा, किमान ३०० व्हीए क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर बांधून घ्यावा आणि त्याचे पैसे सेटच्या किमतीत आधीच धरावेत. आम्ही हे सेट घेतो, पण कमी बजेटच्या गिऱ्हाइकाला सुचवत नाही.

आता बाकावरचं काम. आलेला सेट आम्ही थेट लाइनवर कधीच लावत नाही. आधी कव्हर काढून नजर: स्क्रूच्या खाचा झिजलेल्या आहेत का, फ्यूजच्या जागी तार गुंडाळली आहे का, मोठ्या कपॅसिटरची डोकी वर आली आहेत का. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या जपानी सेटमध्ये कपॅसिटर बोर्डाला चिकटवायला वापरलेला गोंद वयानुसार तपकिरी पडतो आणि शेजारच्या जंपर व रेझिस्टरच्या तारा खातो. तो खरवडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, खालची तार बदलावीच लागते. नुसती साफ करून भागत नाही.

मग सिरीज बल्ब. जुना फिलामेंटचा १०० वॉटचा बल्ब सेटच्या लाइनमध्ये सिरीजला. एलईडी इथे उपयोगाचा नाही. चालू करताच बल्ब क्षणभर लख्ख पेटून मंदावला तर कपॅसिटर चार्ज झाले आणि पुढे जायला हरकत नाही. तसाच पेटत राहिला तर रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) किंवा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट. बल्बमुळे उरलेला सेट वाचतो.

बल्ब काढून, स्पीकर न जोडता, पंधरा मिनिटं सेट तापू द्यायचा आणि स्पीकर टर्मिनलवर डीसी मोजायचं. ३० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम, ५०पर्यंत चालतं, १००च्या वर गेलं की इनपुटच्या पहिल्या टप्प्यातल्या ट्रान्झिस्टरच्या जोडीकडे किंवा ऑफसेटच्या (याच डीसीच्या) प्रीसेटकडे, म्हणजे स्क्रूने फिरवायच्या छोट्या रेझिस्टरकडे, बघायचं. एक-दोन व्होल्ट असतील तर स्पीकर जोडायचाच नाही, व्हॉइस कॉइल जळते. मात्र सिंगल सप्लायच्या जुन्या सेटमध्ये आउटपुटला मोठा कपॅसिटर सिरीजला असतो, तिथे टर्मिनलवर शून्यच दिसणार. त्यात कपॅसिटरच्या आतल्या बाजूला सप्लायच्या निम्मे व्होल्ट मिळतात का ते बघतो. ५६ व्होल्टची सप्लाय असेल तर २८च्या आसपास.

त्यानंतर बायस, म्हणजे गाणं नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहता ठेवलेला थोडा करंट. आउटपुट ट्रान्झिस्टरच्या ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर मिलिव्होल्ट मोजायचे, ४.४ मिलिव्होल्ट म्हणजे २० मिलिअॅम्पियर. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलचाच धरायचा. बायस फार कमी असेल तर हळू आवाजात सूर खरखरीत लागतो, जास्त असेल तर सेट न वाजवताही हीटसिंक हात ठेववणार नाही इतका तापतो. प्रीसेट जुना असेल तर फिरवण्याआधीच बदलतो, कारण त्याचा सरकता कॉन्टॅक्ट मधेच सुटला की बऱ्याच सर्किटमध्ये बायस एकदम वर जातो आणि ट्रान्झिस्टरची जोडी उडते. आतमध्ये हात घालण्याआधी फिल्टर कपॅसिटर १०० ओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरने रिकामे करायचे. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडायची पद्धत आमच्या गाळ्यात बंद आहे.

ठाण्यातल्या मालाची खरी कहाणी मात्र कॉन्टॅक्टची. एका बाजूला खाडी, वर चार महिने पाऊस. माळ्यावर पडलेल्या सेटमध्ये चांदीचा मुलामा असलेला प्रत्येक कॉन्टॅक्ट काळा पडलेला असतो. लक्षण ठरलेलं: हळू आवाजात एक बाजू गायब, आवाज वाढवला की धडकन परत येते. पुष्कळ मेकॅनिक यावर आउटपुट ट्रान्झिस्टर बदलून बिल लावतात. दोष बहुतेक वेळा स्पीकर रिलेचा (सेट चालू झाल्यावर स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचचा) किंवा स्पीकरची जोडी निवडायच्या ए-बी स्विचचा असतो. रिलेची टोपी काढता येत असेल तर साध्या कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून, कॉन्टॅक्टमध्ये धरून दोन-तीनदा ओढायची. पॉलिश पेपर नको, मुलामा निघून जातो आणि वर्षभरात तक्रार परत येते. रिले खड्डे पडलेला असेल तर बदलायचा. कॉइलचे व्होल्ट आणि पायांची मांडणी जुन्याप्रमाणे हवी. व्हॉल्यूम, बॅलन्स आणि सिलेक्टरमध्ये सेट बंद ठेवून कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन-चार थेंब, या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवणं, अर्धा तास वाळवणं. गंजाच्या स्क्रूवर मारायचा साधा स्प्रे इथे मारू नये, तो चिकट थर ठेवून जातो.

पार्टसाठी आम्ही मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात, लॅमिंग्टन रोडला जातो, पण डोळे झाकून नाही. टोशिबाच्या ५२०० आणि १९४३ ट्रान्झिस्टरच्या नकली जोड्या इतक्या फिरतात की भाव फार कमी सांगितला तर आम्ही पुढच्या दुकानात जातो. एसटीकेची गत त्याहून वाईट. सान्योचा सेमीकंडक्टर धंदा २०११ला ऑन सेमीकंडक्टरकडे गेला आणि आता मूळ एसटीके म्हणून जे मिळतं ते बहुतेक दुसऱ्या सेटमधून काढलेलं किंवा बनावट असतं. म्हणून एसटीकेवरचा सेट चालू असेल तरच घेतो, एक बाजू बंद असेल तर परत पाठवतो. याउलट टू-एन-३०५५ या साध्या ट्रान्झिस्टरवर चालणारा जुना देशी सेट दिसायला गावठी असला तरी घ्यायला आवडतो. त्यात दुरुस्त न होणारी वस्तू जवळपास नसतेच.

गिऱ्हाईक स्वतः कोपरखैरण्याला किंवा कळव्याला कुणाच्या घरी सेट बघायला निघालं, तर आम्ही त्याला मीटर न्यायला सांगत नाही. फोनमधून आरसीएची (लाल-पांढऱ्या पिनांची) वायर, ओळखीची दोन गाणी आणि स्वतःचा हेडफोन पुरतो. सेट आधीच तापवून ठेवलेला नसावा, थंड असतानाच चालू करायचा. रिले असलेला सेट तीन ते पाच सेकंदांनी ‘टक्’ करतो. केलाच नाही तर प्रोटेक्शनमध्ये आहे, म्हणजे आत दोष असल्याने स्पीकर जोडत नाही. इनपुट काढून, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून स्पीकरला कान लावायचा. तेव्हाही जाडसर घरघर येत असेल तर ती १०० हर्ट्झची, म्हणजे फिल्टर कपॅसिटर थकले. वायर जोडल्यावरच हम् येत असेल तर दोष वायरचा, अर्थिंगचा किंवा केबल टीव्हीच्या कोअॅक्सचा; त्यासाठी सेट नाकारू नये. मग अगदी हळू आवाजात दोन्ही बाजू समान येतात का, व्हॉल्यूम फिरवताना खरखरते का, निघताना अर्ध्या तासाने हीटसिंक दोन्ही बाजूंना सारखाच कोमट आहे का. एकच बाजू तापत असेल तर तिथे काम निघणार.

आणि सेट अजिबात बोलत नसेल तर मागे बघायचं. प्री-आउट आणि मेन-इन (अॅम्पचा पुढचा आणि पॉवरचा भाग) यांना जोडणाऱ्या यू आकाराच्या दोन पिना हरवलेल्या असतात, किंवा पुढे टेप मॉनिटरचं (आवाज टेपडेककडून घेणारं) बटण दाबलेलं असतं. ‘बंद’ म्हणून कवडीमोलाने विकला जाणारा सेट एका आरसीए जोडीने सुरू होतो. भाव ठरेपर्यंत हे बोलून दाखवू नये, एवढंच.

पैशांची वाटणी आम्ही अशी सांगतो: एकूण पंधरा हजार असतील तर सेटला नऊ-दहा, तीन-चार कपॅसिटर, रिले आणि मजुरीला राखून, उरलेले वायर आणि कनेक्टरला. रेकॉर्ड प्लेअर असेल तरच फोनो इनपुटचा आग्रह धरावा. नसेल आणि बजेट याहून कमी असेल तर जुन्या एचडीएमआयचा एव्ही रिसीव्हर (होम थिएटरचा अॅम्प) बघावा. टीव्हीला तो नकोसा झाला म्हणून पडेल भावात निघतो आणि स्टीरिओ मोडमध्ये छान चालतो. त्याहून कमी असेल तर टीपीए ३११६ या अॅम्प्लिफायर चिपचा नवा बोर्ड; पण १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर ४ ओहमला तो पंधरा-अठरा वॉटच देतो, पन्नासच्या जाहिरातीसाठी २१ व्होल्ट लागतात. अडॅप्टरचे पैसे तिथेही धरावे लागतातच.

सध्या आम्ही विकतो त्या प्रत्येक सेटसोबत एक कार्ड देतो. त्यावर दोन्ही बाजूंचा ऑफसेट, बायस, ८ ओहमवर क्लिप होण्याआधीचे (आवाज फाटण्याआधीचे) वॉट, कोणते पार्ट बदलले आणि लाइन व्होल्टेज लिहिलेलं असतं. वॉरंटी तीन महिने, मात्र दोन जोड्या स्पीकर समांतर जोडून ४ ओहमच्या खाली नेलं तर ती लागू नाही. सेट कपाटात ठेवायचा असेल तर वर चार बोटं जागा मोकळी हवी आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी तासभर वाजता ठेवावा. नेताना स्कूटरच्या पुढच्या फळीवर नको. ट्रान्सफॉर्मरच्या वजनाने खड्ड्यात बोर्डाचे सांधे तडकतात. रिक्षा करावी आणि सेट मांडीवर आडवा धरावा.