पुएर्तो एस्कोंदिदो: सकाळी स्पॅनिश, दुपारी समुद्र

सध्या मुक्काम मेक्सिकोत, पुएर्तो एस्कोंदिदोला. सकाळी स्पॅनिशचा क्लास आणि मग थेट कारिसालियो बीच, पायऱ्या भरपूर उतरायच्या पण पाणी शांत, पोहायला मस्त, सिकातेला बीचच्या लाटा मात्र नुसत्या बघायच्या, तिथे पोहायला जाऊच नका. खरं स्पॅनिश बाजारात येतं, फळवाल्या मावशी आंबा कापून वर लिंबू अन् तिखट टाकतात, मी भाव विचारला की मुद्दाम सावकाश बोलतात आणि अख्खं वाक्य परत म्हणायला लावतात, फार माया आहे हो या लोकांत. पुढे मासुंतेला जायचंय, १९९० मध्ये बंदी येईपर्यंत तिथे कासवांची कत्तल चालायची, आता तिथेच कासव केंद्र आहे. ओआहाका शहरातून येणार असाल तर २०२४ पासून नवा हायवे सुरू झालाय, तीनेक तासांत पोचता.